कार्ड आपोआप रीसेट होतं, मग बिघाड शोधायचा कसा?

प्रश्न: गुहागरजवळच्या मोबाइल टॉवरवर ट्रान्समिशन कार्ड (टॉवरची वाहतूक पुढे पाठवणारं सर्किट) दिवसातून पाच-सहा वेळा स्वतःच रीसेट होतं. मी पोहोचेपर्यंत अलार्म गेलेला, दिवा हिरवा. वरिष्ठ म्हणतात, चालतंय ना, राहू दे. मला ते पटत नाही.

उत्तर १: उणे ४८ व्होल्टचा पुरवठा कार्डाच्या टोकाशीच मोजा, लोड असताना.

उत्तर २: तुमचं बरोबर आहे, राहू देऊ नका. मी तीस वर्षं एक्स्चेंजमध्ये काढली. कार्डावर वॉचडॉग टायमर, म्हणजे पहारा देणारं घड्याळ असतं. 'मी चालू आहे' अशी खूण कार्डाकडून वेळेत मिळाली नाही की तो कार्ड रीसेट करतो. का अडकलं, हे तो सांगत नाही. टॉवर रिंगमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंनी जोडलेल्या वर्तुळात असेल तर ५० मिलिसेकंदांत वाहतूक दुसऱ्या बाजूने वळते, म्हणून ग्राहकाला कळतही नाही. पण कार्ड परत येईपर्यंत तुमचा राखीव मार्ग संपलेला असतो!

आपोआप सावरणंही कसं अंगाशी येतं, त्यासाठी १५ जानेवारी १९९० आठवा. अमेरिकेत एटी अँड टी या टेलिफोन कंपनीचा न्यूयॉर्कमधला एक स्विच (कॉल जोडणारा संगणक) स्वतःला सावरून परत आला आणि त्याने शेजाऱ्यांना तसं कळवलं. सावरण्याच्या त्याच प्रोग्रॅममध्ये 'ब्रेक' ही एक आज्ञा चुकीच्या जागी होती. लागोपाठ दोन संदेश आले की शेजारी कोसळे, सावरे, पुन्हा पुढच्याला पाडे. ११४ स्विच, नऊ तास.

प्रत्येक रीसेटची वेळ वहीत लिहा. एसी, जनरेटर कधी सुरू होतो तेही.

प्रश्नकर्ता: लिहिलं. पाचही वेळा एसीचा कॉम्प्रेसर नुकताच सुरू झालेला. बॅटरीकडून येणाऱ्या केबलचा लग (टोकाची धातूची पट्टी) खाऱ्या हवेने हिरवा पडलाय, बोटाने हलतोय. कॉम्प्रेसर सुरू होताना कार्डाचं व्होल्टेज तिथेच पडत असणार. उद्या बदलतो.