दोन लॅनकार्डांच्या मशीनवर ईटीएच० परत आणणं बंद करा

चौथा मजला
ठाकुरद्वारला एका सीएच्या ऑफिसात जुना पीसी लिनक्स टाकून फायरवॉल म्हणून चालतो. एक कार्ड इंटरनेटच्या लाइनला, दुसरं ऑफिसच्या स्विचला. तिथल्या माणसाने बूटच्या ओळीत नेट.इफनेम्स=० टाकून ठेवलंय, म्हणजे लॅनकार्डांची नवी नावं बंद आणि जुनी ईटीएच०, ईटीएच१ परत. का, तर ईएनपी३एस० असलं नाव लक्षात राहत नाही!

कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कार्डांना ही जुनी नावं देतो ती सापडतील त्या क्रमाने. दोघांचे ड्रायव्हर वेगळे असले तर कोण आधी चढेल याची हमी नाही. आजचं ईटीएच० उद्या ईटीएच१. फायरवॉलचे नियम मात्र नावावर बांधलेले, म्हणजे ऑफिससाठी मोकळं ठेवलेलं सगळं बाहेरच्या लाइनला खुलं. वर्षभर काही होणार नाही, आणि जुलैत वीज जाऊन आली की होईल.

माझं मत: डॉट लिंक फाइल (कार्डाला नाव ठरवून देणारी) लिहा, मॅक अ‍ॅड्रेस (कार्डाचा स्वतःचा नंबर) द्या, नावं ठेवा वॅन० (बाहेरची लाइन) आणि लॅन० (ऑफिसची). विषय संपला.

भांडुपचा रूट
विषय संपला कसा? आमच्याकडे बहुतेक मशीन व्हर्च्युअल, म्हणजे सॉफ्टवेअरमध्येच चालणारी, प्रत्येकी एकच कार्ड. एकच असेल तर अदलाबदल कोणाशी होणार? सगळ्या स्क्रिप्टांत ईटीएच० आहे, ते तसंच राहू दे. आणि मॅकचं कौतुक मला सांगू नका. जुन्या यूडेव्हमध्ये (हार्डवेअर ओळखून नावं देणारा लिनक्सचा भाग) ७०-पर्सिस्टंट-नेट नावाची फाइल असायची, तीही मॅकच लिहून ठेवायची. मशीनची हुबेहूब प्रत काढली, म्हणजे क्लोन केलं, की मॅक नवा, नाव ईटीएच१, आणि नेटवर्क गायब.

लोअर परळ लेट शिफ्ट
रूट, एका कार्डापुरतं मान्य. पण चौथा मजला, तुम्ही ईएनपी३एस०सारखी स्लॉटवरून पडणारी नावं उगाच मोडीत काढताय. २०१३ साली सिस्टमडीच्या (लिनक्स सुरू करून सांभाळणारा प्रोग्राम) १९७ आवृत्तीत ती आली ती याचसाठी. कार्ड जळलं, लॅमिंग्टन रोडवरून तसलंच दुसरं आणून त्याच स्लॉटमध्ये बसवलं, नाव तेच. कॉन्फिगला हात लावायचा नाही. तुमच्या पद्धतीत नवा मॅक कोण लिहिणार, ऑफिसचा शिपाई?

भांडुपचा रूट
आणि शेजारच्या स्लॉटमध्ये एनव्हीएमई डिस्क किंवा ग्राफिक्स कार्ड टाकलं तर? पीसीआय बसचे, म्हणजे स्लॉट जोडणाऱ्या मार्गांचे, नंबर सरकतात, ईएनपी३एस०चं ईएनपी४एस० होतं. आमच्या एका मशीनवर झालंय. शिवाय सिस्टमडीचे नाव देण्याचे नियमही आवृत्तीगणिक बदलतात, म्हणूनच २४०पासून नेट.नेमिंग-स्कीम हा जुनेच नियम धरून ठेवायचा पर्याय द्यावा लागला. दादरला मध्य रेल्वेचे फलाट ८ ते १४ केले, लोक अजून जुनेच नंबर सांगतात. नंबर बदलणाऱ्याला बरं वाटतं, धावपळ आमची.

चौथा मजला
दादरचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे हो. मध्य आणि पश्चिम, दोन्ही रेल्वेंचा फलाट एक नंबर होता, गोंधळ त्याचाच!

शिपायाचा मुद्दा खरा आहे. पण नवा मॅक लिहिला नाही तर वॅन० नावाचं कार्डच नसेल, नेट बंद पडेल आणि फोन येईल. चुकीच्या तारेवर नियम चालत राहण्यापेक्षा ते परवडलं. क्लोनचं म्हणाल तर ज्या मूळ मशीनवरून प्रती काढतात त्या टेम्प्लेटमध्ये मॅक लिहूच नये.

दोन गोष्टी मात्र पाळा. जुळणी मॅकअ‍ॅड्रेसऐवजी पर्मनंटमॅकअ‍ॅड्रेसवर करा, कारण व्हीलॅन, म्हणजे त्याच कार्डावर बनवलेलं आभासी कार्ड, मूळ कार्डाचाच मॅक दाखवतं. आणि डेबियनवर फाइल लिहिल्यावर इनिटरामएफएस (बूट होताना सर्वात आधी लोड होणारा फाइलींचा गठ्ठा) पुन्हा बनवा, नाहीतर बूटच्या सुरुवातीलाच जुनं नाव लागतं आणि लोक फाइललाच शिव्या घालत बसतात.

लोअर परळ लेट शिफ्ट
फोन येईल म्हणता, पण तो रात्री मला येतो, तुम्हाला नाही. महापेच्या डेटा सेंटरमध्ये माणूस कार्ड बदलून निघून जातो. तिथे मी स्लॉटचंच नाव ठेवणार. सीएच्या फायरवॉलला तुमचं वॅन० चालेल.

भांडुपचा रूट
आणि माझ्या एककार्डी मशीनांवर ईटीएच०. त्या सीएच्या माणसाला आधी विचारा, दोन्ही कार्डांचा ड्रायव्हर एकच आहे की वेगळा. ते न बघताच भांडतोय आपण.