शब्दचर्चा: 'कॅटेगरी' म्हणजे प्रवर्ग, कोटी की आणखी काही?

प्रश्न

पुण्यातल्या एका अभ्यासगटासाठी 'कॅटेगरी थिअरी आणि भाषेचा अभ्यास' या विषयावर मराठी टिपण तयार करायचे आहे. कॅटेगरी थिअरी म्हणजे वस्तू आणि त्यांच्यामधले संबंध पाहणारी गणिताची शाखा. वाचणारे निम्मे गणिताचे, निम्मे भाषाविज्ञानाचे. कॅटेगरीला वर्ग, श्रेणी, कोटी, प्रवर्ग, पदार्थ यांपैकी कोणता शब्द घ्यावा? मॉर्फिझम, फंक्टर आणि नॅचरल ट्रान्सफॉर्मेशन यांचे काय करावे? शब्द सुचवताना तो का, हेही लिहावे.

उत्तर

आधी कोणते शब्द बाद होतात ते पाहू. 'वर्ग' आपल्या गणितात कधीच अडकलेला आहे: पाचाचा वर्ग पंचवीस. शिवाय संचसिद्धांतात 'क्लास' या अर्थीही तो लागतो आणि कॅटेगरीच्या व्याख्येत क्लासचा उल्लेख येतोच, म्हणजे एकाच वाक्यात दोनदा 'वर्ग'. 'श्रेणी' म्हटले की गुणपत्रिकेतली श्रेणी आठवते आणि शाळेतली 'श्रेढी' कानाला फार जवळ आहे. 'कोटी' शास्त्रीय लेखनात चालतो, पण मराठी वाचकाला आधी एकावर सात शून्ये दिसतात आणि मग शब्दांवरची कोटी.

'पदार्थ' मोहात पाडणारा आहे. वैशेषिकांचे द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय, अभाव हे सात पदार्थ म्हणजे कॅटेगरीच, असे तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत सर्रास लिहिलेले असते. कॅटेगरी थिअरीचे एक जनक, गणितज्ञ सॉन्डर्स मॅक लेन यांनीही हा शब्द अॅरिस्टॉटल आणि कांटकडून उचलल्याचे सांगितले आहे, म्हणजे वंशावळ जुळते. पण आजच्या मराठीत पदार्थ ताटात असतो किंवा भौतिकशास्त्रात.

उरतो 'प्रवर्ग'. प्रवेशाच्या यादीतल्या रकान्यामुळे तो सर्वांच्या परिचयाचा आहे. गणितात तो मोकळा आहे, त्याची विशेषणे सहज होतात (प्रवर्गीय, उपप्रवर्ग) आणि दुसऱ्या अर्थाशी गल्लत होण्याची भीती कमी. माझे मत प्रवर्गाला.

त्यावर

प्रवर्ग मान्य, पण भीती कमी नाही. तुमच्या वाचकांत भाषाविज्ञानाचे लोक आहेत आणि खरा घोटाळा तिथेच होणार आहे.

भाषाविज्ञानात 'कॅटेगरी' म्हणजे नाम, क्रियापद, नामपदबंध असा एकेक प्रकार. पोलिश तर्कशास्त्रज्ञ काझिमीर आयदुकेविच यांनी 1935 साली प्रत्येक शब्दाला असा प्रकार देऊन वाक्य सुघटित आहे की नाही हे अपूर्णांकात अंश-छेद उडवतात तसे तपासण्याची रीत मांडली. तिला पुढे 'कॅटेगोरियल ग्रामर' म्हणू लागले. सॅम्युएल आयलेनबर्ग आणि मॅक लेन यांचा गणितातला प्रवर्ग आला 1945 साली, वेगळ्याच कामासाठी, बीजसंस्थितीतून (अल्जिब्राइक टोपॉलॉजी). दोन्हींचा उगम स्वतंत्र आहे.

आणि नुसता उगम वेगळा नाही, पातळीही वेगळी आहे. गणितातला प्रवर्ग म्हणजे वस्तू, त्यांच्यामधले बाण, बाणांचे संयोजन (एकापुढे एक जोडणे), प्रत्येक वस्तूपासून तिच्याचकडे जाणारा, काहीच न बदलणारा बाण आणि संयोजनाचा साहचर्य नियम (कंस कुठेही घातला तरी उत्तर तेच), असे सगळे मिळून एक. भाषाविज्ञानातली 'कॅटेगरी' या चौकटीत आणली की ती प्रवर्ग होत नाही, प्रवर्गातली एक वस्तू होते. गणितज्ञ जोआकिम लाम्बेक यांच्या 1958 च्या कलनात (प्रकार जुळवण्याच्या नियमावलीत) हे स्वच्छ दिसते: 'नाम', 'वाक्य' हे प्रकार म्हणजे वस्तू, आणि एका प्रकारापासून दुसऱ्यापर्यंतची सिद्धी (नियमांनी पायरीपायरीने पोचणे) म्हणजे बाण. दोन्हींना 'प्रवर्ग' म्हटलेत तर 'नाम हा प्रवर्ग आहे' हे वाक्य तुमच्या टिपणात एका पानावर खरे आणि पुढच्या पानावर खोटे ठरेल.

म्हणून गणिताला 'प्रवर्ग' आणि व्याकरणाला 'पदप्रकार' असे वाटून द्यावे. कॅटेगोरियल ग्रामर म्हणजे 'पदप्रकार व्याकरण'. ही वाटणी पहिल्याच परिच्छेदात जाहीर करा, तळटीपेत नको.

मूळ प्रश्नकर्ता

वाटणी पटली. मॉर्फिझमला सरळ 'बाण' म्हणायचे का? 'फलन' किंवा 'समरूपण' का नको?

उत्तर

फलन नको, कारण वरच्या उदाहरणात बाण म्हणजे सिद्धी आहे. ती संचातले घटक उचलून दुसऱ्या संचात ठेवत नाही. 'रूप' असलेले शब्द टाळा. आपल्या शालेय भूमितीत समरूप आणि एकरूप त्रिकोण वेगवेगळे आहेत, वाचक तो अर्थ घेऊन येतो. 'बाण' आकृतीतही दिसतो.

क्रमाबद्दल एक शब्द तर शाळेतूनच तयार मिळतो. बेरीज 'क्रमनिरपेक्ष' असते, शब्दांची जोडणी नसते. हे सांगायला दुसरा शब्द शोधू नका.

टिपणात मराठीचे उदाहरण घाला आणि पुढची चूक टाळा. लाम्बेक यांनी 1999 साली प्रीग्रुप नावाची सुटसुटीत रीत दिली. तिच्यात प्रत्येक प्रकार न ला दोन जोडीदार असतात. डोक्यावर लिहिल्या जाणाऱ्या l आणि r या अक्षरांऐवजी इथे ′ ही खूण वापरतो: न′ ला डावीकडे न हवा असतो, ′न ला उजवीकडे. नियम दोनच: न·न′ उडते आणि ′न·न उडते. शेवटी नुसता व (वाक्य) उरला तर वाक्य सुघटित.

इंग्रजीत क्रियापद मधे असते, म्हणून सकर्मक क्रियापदाचा प्रकार न′·व·′न. मराठीच्या नेहमीच्या क्रमात ते शेवटी येते. 'रामाने आंबा खाल्ला' यात कर्त्याचा प्रकार क आणि कर्माचा म धरा. बरेच जण 'खाल्ला'ला क′·म′·व देतात, कारण कर्ता आधी येतो. मग ओळ होते क·म·क′·म′·व आणि काहीच उडत नाही, कारण उडणारी जोडी शेजारी असावी लागते. बरोबर प्रकार म′·क′·व: क·म·म′·क′·व, आधी म उडतो, मग क, उरतो व. क्रम उलटा लिहावा लागतो, हे ठळक करून सांगा.

'आंबा रामाने खाल्ला'साठी क्रियापदाला दुसरा प्रकार क′·म′·व द्यावा लागतो. मराठीत शब्दक्रम सैल असल्यामुळे कोशातल्या नोंदी अशा वाढत जातात.

पुरवणी

वरच्या उत्तरात 'रामाने' अखंड घेतले आहे. प्रत्यय सुटा केला तर 'ने'चा प्रकार न′·क वाटतो, पण मग 'घोडाने' पण पास होईल. प्रत्यय सामान्यरूपालाच लागतो, म्हणून सामान्यरूपाचा वेगळा प्रकार सा हवा आणि 'ने' = सा′·क. 'घोडा' न, 'घोड्या' सा. मराठी व्याकरणातला 'सामान्यरूप' हा शब्द इथे हुबेहूब उपयोगी पडतो, त्याला नवा प्रतिशब्द शोधू नका.

कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. तीन लिंगे, दोन वचने, म्हणून म चे सहा पोटप्रकार. पण 'खाल्ला'ची रूपे चारच: खाल्ला, खाल्ली, खाल्ले, खाल्ल्या. 'पोळी खाल्ली' आणि 'फळे खाल्ली', 'फळ खाल्ले' आणि 'आंबे खाल्ले' यांत रूप एक असून प्रकार दोन. असे पोटप्रकार न केल्यास 'रामाने पोळी खाल्ला' सुघटित ठरते.

आणखी एक

'न′' याला मराठीत काय म्हणावे? इंग्रजीतला 'अॅडजॉइंट' हा शब्द वाचकाला काहीच सांगत नाही. आपल्या शाब्दबोधाच्या (वाक्यातून अर्थ कसा कळतो याच्या) चर्चेत वाक्यार्थासाठी तीन अटी सांगितल्या आहेत: आकांक्षा, योग्यता, सन्निधी. न′ म्हणजे एका पदाला दुसऱ्याची असलेली आकांक्षाच. शेजारीच उडणे म्हणजे सन्निधी. 'अग्नीने सिंचन करतो' या जुन्या उदाहरणात प्रकार जुळतात, पण योग्यता म्हणजे अर्थाचा मेळ नाही: आगीने शिंपता येत नाही.

त्यावर

समजावताना जरूर वापरा, पारिभाषिक शब्द म्हणून वापरू नका. शास्त्रकारांच्या आकांक्षेला डावी-उजवी बाजू नाही. न′ आणि ′न यांचा सगळा जीव बाजूतच आहे. 'डावा जोडीदार' आणि 'उजवा जोडीदार' बरे.

योग्यतेची जागा मात्र खरेच वेगळी आहे. बॉब कूके, मेहरनूश सद्रज़ादेह आणि स्टीफन क्लार्क यांनी 2010 साली व्याकरणाच्या प्रवर्गापासून सदिश अवकाशांच्या (जिथे अर्थ संख्यांच्या यादीने दाखवतात) प्रवर्गाकडे नेणारी रचना मांडली. न साठी 100 मितींचे अवकाश घेतले आणि वाक्यासाठीही 100, तर सकर्मक क्रियापद 100 × 100 × 100 म्हणजे 10 लाख संख्यांचा टेन्सर (संख्यांची अनेक मितींतली मांडणी) होतो. वाक्याचे अवकाश 2 मितींचे ठेवले तर 20 हजार. अग्नी आणि सिंचनाची विसंगती या संख्यांत उमटावी अशी अपेक्षा असते. नुसते प्रकार उडवण्यात ती दिसत नाही.

एका प्रवर्गातून दुसऱ्यात नेणाऱ्या त्या रचनेला 'फंक्टर'च म्हणा. 'वाहक' वाचला की विजेचा किंवा एसटीचा वाहक आठवतो. आणि फंक्टर हा शब्द मॅक लेन यांनी तत्त्वज्ञ रुडॉल्फ कार्नाप यांच्या भाषाविषयक तर्कशास्त्रातून घेतलेला आहे. भाषेच्या टिपणात तो पाहुणा नाही.

दुरुस्ती

वर अर्थाकडे नेताना 'व्याकरणाचा प्रवर्ग' म्हटले आहे, पण तिथे नुसता प्रीग्रुप पुरत नाही. प्रीग्रुपमध्ये दोन प्रकारांत फार तर एकच बाण असतो, कारण ती मुळात क्रमाची (शब्दक्रमाची नव्हे, गणितातल्या 'ऑर्डर'ची) रचना आहे: 'पोचते' किंवा 'पोचत नाही'. 'जुनी पुस्तके आणि चित्रे' घ्या. 'जुनी' = न·′न, 'आणि' = न′·न·′न. आधी 'जुनी पुस्तके' जोडले की फक्त पुस्तके जुनी. आधी 'पुस्तके आणि चित्रे' जोडले की दोन्ही जुनी. प्रकार दोन रीतींनी उडतात, पण क्रमात दोन्ही वाटा एकच मानल्या जातात आणि संदिग्धता हरवते. म्हणून अर्थाकडे जाताना क्रमाऐवजी जोडीदार असलेला मुक्त प्रवर्ग (नियमांनी भाग पाडल्याशिवाय दोन बाण एक न मानणारा) घ्यावा लागतो, जिथे हे दोन वेगळे बाण आहेत. 'बाण' शब्दाची खरी गरज इथे कळते.

मूळ प्रश्नकर्ता

नॅचरल ट्रान्सफॉर्मेशन (एका फंक्टरकडून दुसऱ्याकडे जाणे) राहिले. 'नैसर्गिक रूपांतरण' लिहिले तर शेजारीच 'नैसर्गिक भाषा' येते आणि 'नैसर्गिक संख्या' तर सहावीपासून ओळखीची.

उत्तर

तिन्हींत 'नैसर्गिक' वेगळे. रूपांतरणातले नैसर्गिक म्हणजे वाटेत कुठेही मनाने निवड करावी लागली नाही: सदिश अवकाशातून त्याच्या दुहेरी द्वैतात (डबल ड्युअल) जायला आधार (बेसिस) निवडावा लागत नाही, नुसत्या द्वैतात जायला लागतो. हा अर्थ 'सहज'मध्ये येतो. 'सहज रूपांतरण' लिहा, 'नैसर्गिक भाषा' आहे तशी ठेवा.

शब्दसूचीत प्रत्येक शब्दापुढे तो कोणत्या शाखेत कोणत्या अर्थी आहे हेही छापा. डेक्कन कॉलेजात 1948 पासून चाललेल्या संस्कृत कोशात शब्दाचा अर्थ कुठल्या ग्रंथात कसा आला ते नोंदवतात; आपल्याला तेवढा पसारा नको, पण 'प्रकार: व्याकरणात पदप्रकार, प्रवर्गात वस्तू' अशी एक ओळ प्रत्येक नोंदीला हवीच.