चेंबरमध्ये गोळी ठेवून पिस्तूल बाळगावं का? माझं उत्तर 'नाही' आहे

केटीकर:

ह्यूस्टनजवळ केटीला राहतो. एच-वन-बीवर होतो तोवर हा प्रश्न आलाच नव्हता, कारण तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर इथला केंद्रीय कायदा बंदूक बाळगू देत नाही. ग्रीन कार्ड आलं, नोकरी सोडली आणि मेहुण्याच्या गॅस स्टेशनमध्ये भागीदार झालो. आठवड्यातल्या तीन रात्री दुकान बंद करून रोकड घेऊन निघणारा मी असतो. गेल्या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या दुकानदाराला पार्किंगमध्ये दोघांनी अडवलं आणि डोकं फोडलं. त्यानंतर ग्लॉक १९ हे पिस्तूल घेतलं. टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या, कायद्याने मनाई नसलेल्या माणसाला पिस्तूल बाळगायला परवान्याची गरज उरलेली नाही. तरी मी वर्गाला बसून परवाना काढला.

वर्गात शिक्षकांनी ठणकावून सांगितलं की चेंबर, म्हणजे नळीच्या बुडाशी गोळी झाडायला सज्ज बसते तो कप्पा, रिकामं ठेवून पिस्तूल बाळगणं म्हणजे कमरेला धोंडा बांधून फिरणं. वर्गातल्या सगळ्यांनी मान डोलावली. मला ते तेव्हा पटलं नाही, अजूनही पटत नाही.

माझी मुलगी चार वर्षांची आहे. दार उघडलं की ती धावत येऊन कमरेलाच मिठी मारते. ग्लॉकला बाहेरून अंगठ्याने लावायची सेफ्टी नसते. आत तीन आहेत आणि पिस्तूल पडलं, आपटलं तर त्या गोळी सुटू देत नाहीत. पण चाप ओढला गेला की त्या तिन्ही बाजूला होतात, कारण त्यांची रचनाच तशी आहे. त्या चापाला लागतो सुमारे अडीच किलोचा जोर. तो बोटाने दिला की जॅकेटच्या नाडीने, हे पिस्तुलाला कळत नाही.

डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोतल्या हेडन गावात वॉलमार्टमध्ये एक आई खरेदी करत होती. ट्रॉलीत बसलेल्या दोन वर्षांच्या मुलाने तिच्या पर्समधलं पिस्तूल काढलं, गोळी सुटली आणि ती तिथेच गेली. पर्स बंदूक ठेवण्यासाठीच बनवलेली होती, तिला वेगळा कप्पा होता, चेन होती. चेंबर रिकामं असतं तर आधी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढून सोडावी लागते, तेव्हा मुठीतल्या मॅगझीनमधली गोळी चेंबरमध्ये चढते. दोन वर्षांच्या मुलाला ती ओढता आली असती का?

आणि ही काही भित्र्यांची पद्धत नाही. शांघायच्या पोलिसांना तिथले ब्रिटिश अधिकारी फेअरबर्न हेच शिकवायचे: चेंबर रिकामं, सेफ्टी कायमची निकामी केलेली, पिस्तूल काढता काढता स्लाइड ओढायची. पुढे इस्रायलमध्येही हेच रुजलं, म्हणून इथे तिला 'इस्रायली पद्धत' म्हणतात.

पिस्तूल काढायची वेळ माझ्यावर आजवर एकदाही आलेली नाही. पण ते रोज रात्री कमरेला असतं आणि रोज रात्री घरी मुलगी असते. मग सांभाळायचं कशाला, न आलेल्या प्रसंगाला की रोजच्या घराला?

जुना_नेमबाज:

मी फिनिक्सला असतो, वीस वर्षं नेमबाजीच्या रेंजवर जातोय, त्यातली बरीच वर्षं नवख्यांना शिकवतोय. तुमची काळजी शंभर टक्के खरी आहे. उपाय चुकीचा आहे.

स्लाइड ओढायला दोन हात लागतात, सगळा वाद इथे येऊन थांबतो. पार्किंगमध्ये कुणी अंगावर आलं तर तुमचा दुसरा हात रिकामा असेल हे कशावरून? त्या हातात रोकडीची पिशवी असेल, गाडीची किल्ली असेल, समोरच्याचं मनगट असेल. एखाद्या रात्री मुलगी असेल. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये मांडलेलं गणित आजही शिकवतात: चाकू घेतलेला माणूस २१ फूट, म्हणजे साडेसहा मीटरच्या आसपासचं अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो. शर्ट वर करून पिस्तूल काढण्यातच तेवढा वेळ जातो. त्यात स्लाइड ओढायची, तीही थरथरत्या, घामेजलेल्या हाताने. माझ्याकडे येणारे नवखे घाई केली की स्लाइड पूर्ण मागे नेतच नाहीत, अर्ध्यावर सोडतात. गोळी चढत नाही किंवा वाकडी अडकते. शांत रेंजवर ही गत, तर अंधाऱ्या पार्किंगमध्ये काय?

फेअरबर्नचं उदाहरण अर्धंच दिलंत. त्यांच्या काळातल्या कोल्ट पिस्तुलांत चाप ओढल्याशिवाय काडतुसावर आपटणारी पिन पुढे जाऊ न देणारा आतला अडसर नव्हता. नळीवर आपटलं तर गोळी सुटण्याची भीती खरी होती. इस्रायलमध्येही सुरुवातीला जगभरातून गोळा केलेली नाना तऱ्हेची हत्यारं होती, प्रत्येकाची सेफ्टी निराळी. सगळ्यांना एकच रीत शिकवायची तर चेंबर रिकामं ठेवणं सोपं. त्या हत्यारांना ते बरोबर होतं. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉक स्वीकारलं ते ही अडचण सुटलेलं हत्यार म्हणून.

हेडनच्या आईबद्दल लिहिताना मलाही त्रास होतो. पण ते पिस्तूल अंगावर नव्हतं, पर्समध्ये होतं, आणि पर्स मुलाच्या हाताशी. अंगावर, पट्ट्याला घट्ट, चाप पूर्ण झाकणाऱ्या होल्स्टरमध्ये, म्हणजे कायडेक्स या कडक प्लास्टिकच्या म्यानात, असेल तर मिठी मारणाऱ्या मुलीचं बोट चापापर्यंत जाऊच शकत नाही. गोळ्या चुकून सुटतात त्या बहुतेक करून पिस्तूल हाताळताना. काढताना, परत घालताना, साफ करताना. होल्स्टरमध्ये स्वस्थ पडलेल्या पिस्तुलाला कुणी हात लावत नाही.

शिवाय 'माझं रिकामं असतं' ही खात्रीच एक दिवस घात करते. अमेरिकी नेमबाजी-शिक्षक जेफ कूपर यांच्या चार नियमांतला पहिला नियम असा की प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची. तुम्ही मनाशी दुसराच नियम घोकताय.

केटीकर:

काका, होल्स्टरचं मान्य. पण "आधुनिक पिस्तूल आपोआप सुटत नाही" हे इतक्या ठामपणे कसं म्हणायचं? सिग सावरचं पी३२० हे आधुनिकच पिस्तूल, अमेरिकी सैन्याने २०१७ मध्ये त्याचंच रूप निवडलं. त्याच वर्षी ठरावीक कोनात पडलं तर गोळी सुटते असं दिसून आलं आणि कंपनीला आतले भाग बदलून द्यायची योजना आणावी लागली. ज्यांनी ते आधी भरवशाने घेतलं त्यांना हे कुठे ठाऊक होतं? रिकाम्या चेंबरमध्ये असा दोष राहिला तरी इजा होत नाही.

वाळव्याचा_शेतकरी:

मी इथे सांगली जिल्ह्यात. आमच्याकडे वडिलांच्या नावावर पॉइंट ३२ चं रिव्हॉल्व्हर होतं, आता परवाना माझ्या नावावर. आमचा प्रश्न जरा वेगळा, रिव्हॉल्व्हरला स्लाइड नसते. पण वडिलांनी पहिल्या दिवशी शिकवलं ते हेच: सहा घरं, गोळ्या पाचच, आणि घोड्याखालचं घर रिकामं. मळ्यात मोटर चालू करायला रात्री जाताना ते कमरेला असायचं. चिखलात दोनदा पडले, एकदा विहिरीच्या काठावर हत्यार आपटलं. काही झालं नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिनेते गोविंदा यांना स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायाला लागली. हातातून निसटलं आणि सुटली, असं तेव्हा सांगण्यात आलं. बातमी आली तेव्हा मला वडिलांचं ते रिकामं घर आठवलं.

चाळीस वर्षांत ते एकदाही कुणावर रोखावं लागलं नाही. दर निवडणुकीला आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यात जमा करायचं, निकाल लागला की परत आणायचं, एवढाच त्याचा प्रवास. केटीकरांचं मला पटतं. हत्यार जवळ राहतं ते वर्षानुवर्षं आणि लागलंच तर एखाद्या क्षणाला. वर्षांचा विचार आधी करावा.

जुना_नेमबाज:

शेतकरीदादा, तुमच्या वडिलांनी शिकवलं ते अगदी बरोबर. १८७३ च्या कोल्टपासून ही रीत चालत आली आहे. त्या घडणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याची पिन थेट काडतुसाच्या बुडाला टेकलेली असते, घोड्यावर मार बसला की गोळी सुटते. रुगर कंपनीने १९७३ मध्ये ट्रान्सफर बार, म्हणजे चाप ओढला असेल तरच घोड्याचा मार पिनेपर्यंत पोहोचवणारी पट्टी, बसवला तेव्हा त्या प्रकारच्या रिव्हॉल्व्हरमध्ये सहाही घरं भरून ठेवणं सुरक्षित झालं. तुमचं हत्यार जुनं असेल तर वडिलांचाच नियम पाळा. आणि रिव्हॉल्व्हरला तुम्ही पाच गोळ्या ठेवून चाप ओढलात की पुढचं घर फिरून समोर येतं, गोळी सुटते. एका हाताने. केटीकरांच्या रिकाम्या चेंबरला तसं होत नाही. दोन्ही गोष्टी एका मापाने मोजू नका.

पी३२० बद्दल केटीकरांचं म्हणणं खरं आहे, ते मी नाकारत नाही. ज्या मॉडेलवर भरवसा नाही ते बाळगू नये, गोळी घालूनही आणि न घालताही.

प्रमोद_एडिसन:

मला या चर्चेत सगळ्यात आधीचा प्रश्न दिसत नाही. रोकड देऊन टाका. दुकानाचा विमा आहे, डोक्याचा नाही. बंदूक घराबाहेर बाळगणं हा हक्क मानणाऱ्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालानंतर आमच्या न्यू जर्सीतही परवाने मिळायला लागले, माझ्या ओळखीच्या दोघांनी काढले. दोघांच्याही घरी लहान मुलं आहेत. मी त्यांच्याकडे माझ्या मुलांना खेळायला पाठवणं बंद केलं. चेंबरमध्ये आहे की नाही हे मी त्यांना विचारलंही नाही.

केटीकर:

प्रमोद, रोकड मी देईनच. शेजाऱ्यानेही दिली होती. डोकं त्यानंतर फोडलं.

स्वाती_ओहायो:

मी फार्मसिस्ट, रात्रपाळीला असते. मीही आधी पर्समध्येच ठेवायचे. हेडनची बातमी वाचली त्या दिवशी पर्समधून काढलं आणि परत कधी पर्समध्ये ठेवलं नाही.

मला नेमबाजकाकांचं एक पटतं आणि एक नाही. माझे हात लहान आहेत. माझ्या पिस्तुलाची स्लाइड घट्ट आहे, शांतपणे उभी असताना ओढते, पण घाबरलेली असताना ओढता येईल असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून माझ्या चेंबरमध्ये गोळी असते. पण "होल्स्टरमध्ये असेल तर काही होत नाही" हे वाक्य घराबाहेर खरं आहे. घरी आल्यावर माणूस पट्टा सोडतो, अंघोळीला जातो, सोफ्यावर लवंडतो. त्या अर्ध्या तासाबद्दल कुणीच बोललं नाही.

काही जण घरी आल्यावर रोज चेंबरमधली गोळी काढतात, सकाळी तीच परत घालतात. ते करू नका. रोज हाताळणी दुप्पट होते, आणि तीच ती गोळी पुन्हा पुन्हा चढवली की तिचं शिशाचं टोक काडतुसात आत दाबलं जातं. मग झाडताना आतला दाब वाढतो आणि पिस्तूल फुटूही शकतं. मी होल्स्टरसकट पिस्तूल पट्ट्यावरून काढते आणि दाराशेजारी भिंतीला बोल्ट केलेल्या, बोटांनी उघडणाऱ्या पेटीत ठेवते. चापाला बोट लागत नाही, चेंबरला हात लागत नाही. मुलं मला भेटतात ती त्याच्यानंतर.

आणि केटीकर, तुम्ही टेक्सासात आहात म्हणून सांगते, तिथला कायदा वाचा. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा तिथे गुन्हा आहे, आणि 'भरलेली' म्हणजे काय तेही कायद्यात लिहिलंय: चेंबरमध्ये गोळी असो वा नसो. मॅगझीन भरलेलं असेल तर तुमच्या रिकाम्या चेंबरला कायदा किंमत देत नाही. मुलगी आज चार वर्षांची आहे म्हणून तिला स्लाइड ओढता येत नाही. ती आठ वर्षांची होईल तेव्हा?

केटीकर:

स्वातीताई, कायद्यातलं ते कलम मी काल रात्री काढून वाचलं. तुम्ही म्हणता तसंच आहे. खरं सांगायचं तर मी घरी आल्यावर पिस्तूल कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवत होतो, आणि चेंबर रिकामं आहे म्हणून मला त्यात काही वाटत नव्हतं. नेमबाजकाका त्या खात्रीबद्दल जे म्हणाले ते मला तेव्हा लागलं होतं, आता कळतंय का लागलं. पेटी मागवली आहे. गॅरेजमधून घरात येण्याच्या दाराशी बसवणार आहे, म्हणजे मिठी मारायच्या आधीच ते आत गेलेलं असेल.

चेंबर मात्र रिकामंच ठेवणार.

जुना_नेमबाज:

पेटीचं उत्तम केलंत. चेंबरचं तुम्ही ठरवा, पण ते अंदाजाने ठरवू नका. खोटी काडतुसं आणा, वर्गाच्या शिक्षकांना सोबत घ्या, आणि डावा हात पट्ट्यात खोचून उजव्या एकाच हाताने, मागची साइट, म्हणजे नेम धरायची खाच, पट्ट्याला अडकवून स्लाइड ओढायचा सराव करा. नळी कुठे रोखली जातेय त्यावर पूर्ण लक्ष ठेवा. वीस वेळा करा आणि किती वेळा गोळी चढली ते इथे लिहा.

केटीकर:

शनिवारी जाऊन आलो. दोन्ही हात मोकळे असताना वीसपैकी वीस. डावा हात पट्ट्यात असताना वीसपैकी अकरा, आणि त्यातही शेवटच्या पाचांत दोनच, कारण तोवर मनगट भरून आलं होतं. शिक्षक काही बोलले नाहीत, आकडे मीच वहीत लिहिले.

पुढच्या शनिवारी पुन्हा जातोय. तोवर मेहुण्याला सांगितलंय की तिन्ही रात्री दुकान दोघांनी मिळून बंद करायचं आणि रोकडीची पिशवी त्याने धरायची.

स्वाती_ओहायो:

पेटी बसवताना भिंत लाकडी चौकटीची असेल तर बोल्ट आतल्या खांबातच जाऊ द्या, नुसत्या ड्रायवॉलमध्ये नको. आमची पहिली महिनाभरात सैल झाली होती.