काकोडकरांना विसरू नका

‘ना. सी. फडक्यांनंतर मराठीत प्रेमकथा संपली, मग वाचकिणी थेट मिल्स अँड बूनच्या इंग्रजी प्रेमकथांकडे वळल्या’ हे इथल्या चर्चेत आलेलं मत मला अजिबात पटत नाही. मधले चंद्रकांत काकोडकर कुठे गेले? आईच्या पर्समध्ये डब्याशेजारी कायम त्यांची एखादी कादंबरी असायची. लायब्ररीचं खाकी कव्हर, आत जांभळा शिक्का, हाताळून हाताळून मऊ पडलेली पानं. डोंबिवलीला गाडीत चढली की ठाणं येईपर्यंत ती उभ्यानेच वाचायची. मीही तशीच वाचत वाढले, आणि आजही लांबच्या प्रवासात मला प्रेमकथाच लागते.

आणखी एक गोष्ट इथे कुणीच लिहिली नाही. ‘रंभा’च्या 1962च्या दिवाळी अंकातल्या त्यांच्या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला होता. हायकोर्टाने दोषी ठरवलं, पण काकोडकर सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि 1969 साली निर्दोष सुटले. त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’ कादंबरीवरून निघालेला ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट झळकला. अशा लेखकाला ‘टाइमपास’ म्हणून बाजूला सारणं मला खरंच लागतं.