तणनाशकाने शेवाळ फ्लास्कमध्ये मेलं, बादलीत परत हिरवं झालं, असं कसं?

चोपडेकर_बॉटनी:
एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी ॲट्राझिन हे तणनाशक घेतलंय, आमच्याकडे मक्यात सर्रास मारतात म्हणून. लॅबमध्ये क्लोरेला हे एकपेशी हिरवं शेवाळ वाढवलं, डोस दिले, तिसऱ्या दिवशी वरच्या डोसचे फ्लास्क एकदम फिके, इथपर्यंत झकास. मग मामांच्या शेततळ्याचं पाणी बादल्यांत भरून तेच डोस टाकले, तर आधी जरा फिकं पडलं आणि दहाव्या दिवशी परत हिरवंगार. सर म्हणतात रीडिंग चुकलं. खरंच चुकलं का? आणि दुकानातली 50 टक्केवाली पावडर वापरली तर चालते ना?

शेवाळवेडा:
रीडिंग बरोबर असू शकतं, ताई. दहा दिवसांत ॲट्राझिन कुठे जात नाही, पाण्यात ते आठवडेच्या आठवडे टिकतं. गेलं असेल ते नाजूक शेवाळ, आणि मोकळ्या जागेत दमदार जाती वाढल्या, डायटम (काचेसारख्या कवचाचं बारीक शेवाळ) वगैरे, त्यात पाण्यातले किडे कमी झाले तर खाणारंही कोणी उरत नाही. फ्लास्कमध्ये एकच जात, गाळ नाही, खाणारं नाही, म्हणून तिथे सरळ उत्तर येतं. आता रंगावर जाऊ नका, न्यूबाउअर स्लाइडवर (पेशी मोजायची चौकटीची काच) सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजा, जातवार. ॲट्राझिन प्रकाशसंश्लेषण अडवतं ना, मग पेशी उपाशी पडून उलट जास्त क्लोरोफिल बनवते, त्यामुळे नुसतं क्लोरोफिल मोजलं तर फसाल.
पावडर चालते, पण मग ती त्या पावडरची टेस्ट झाली, निव्वळ ॲट्राझिनची नाही. निम्मा माल तर दुसराच असतो. ग्लायफोसेट या दुसऱ्या तणनाशकात तर पाण्यात मिसळायला घातलेलं साबणासारखं द्रव्यच कधी कधी जास्त मारतं. बिनऔषधाची बादली ठेवली होती का?

चोपडेकर_बॉटनी:
एक होती. प्रत्येक डोसला पण एकच बादली 😐

शेवाळवेडा:
मग सर ओरडणारच. प्रत्येक डोसला निदान तीन, आणि बिनऔषधाच्या त्याहून जास्त. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संस्थेची शेवाळाच्या टेस्टची 201 नंबरची पद्धत बघा, 72 तासांची आहे, बिनऔषधाच्या फ्लास्कमध्ये शेवाळ त्या वेळात निदान 16 पट वाढलं तरच टेस्ट धरायची. डोस एकाच पटीने चढवत न्या, तीनपटीच्या आसपास. ॲट्राझिनची रेंज मायक्रोग्रॅममध्ये, ग्लायफोसेटची मिलिग्रॅममध्ये, दोघांना एका पट्टीत बसवू नका. आणि फिके पडलेले पेशी धुवून बिनऔषधाच्या साध्या मीडियात (शेवाळ वाढवायच्या द्रावणात) टाकून बघा, बऱ्याचदा परत उठतात, मेलेले नसतात.

केळीवाला_रावेर:
राम राम, मी शास्त्रातला माणूस नाही, पण एक अनुभव सांगतो भो. गेल्या उन्हाळ्यात शेततळं हिरवं झालं, ठिबकचे ड्रिपर चोक व्हायला लागले, एका दुकानदाराने सांगितलं थोडं तणनाशक टाक, टाकलं, शेवाळ बसलं खरं, पण तीन दिवसांनी सगळे मासे पहाटे वर तरंगत होते. आणि तेच पाणी ठिबकने केळीला गेलं त्याचं काय सांगू, पानांच्या कडा पिवळ्या.

शेवाळवेडा:
दादा, मासे औषधाने कमी, ऑक्सिजनने जास्त गेले असतील. शेवाळ थांबलं की ऑक्सिजन बनणं बंद, वरून मेलेलं शेवाळ कुजताना उरलासुरला पण खाऊन टाकतं, पहाटे सगळ्यात कमी. ताई, तुम्ही पण बादल्यांचा ऑक्सिजन पहाटे मोजा, दुपारी मोजला तर सगळं छान दिसेल.

चोपडेकर_बॉटनी:
पहाटे होस्टेलचं गेट बंद असतं हो, मामांकडेच बादल्या ठेवते. उरलेलं पाणी गटारात ओतू का?

केळीवाला_रावेर:
गटारात नको पोरी, ते पुढे जाऊन तापीतच पडतं.