कृष्णवर्णीयांचा इतिहास : चार रविवारांत कुठून सुरू करावं?

परभणीचा_कट्टा
वाचनालयात चार रविवार कृष्णवर्णीयांच्या इतिहासावर बैठका घ्यायचं ठरवायलोत. पंधरा जण, बहुतेक बीए-एमएची पोरं. इंग्रजी वाचतात, पण अडखळत. प्रोजेक्टर आहे, नेट येऊन-जाऊन. दर रविवारी एक सिनेमा आणि मग चर्चा, असा बेत आहे. पुरेल का? मराठीत काय वाचायला द्यावं? आणि म्युझियम तर पार अमेरिकेत, त्याचं काय करावं?

ग्रंथकीडा_लातूर
चारही रविवार सिनेमे नका ठेवू. दोन-सव्वादोन तास त्यातच जातात आणि चर्चा ‘लई वाईट वाटलं’ इथंच संपते. पहिल्या दिवशी जोतीरावांच्या ‘गुलामगिरी’ची (१८७३) अर्पणपत्रिका वाचा. अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या तिथल्या लोकांना ती अर्पण केलेली आहे. मजकूर थोडका, भाषा आपली.

मग फ्रेडरिक डग्लसचं, म्हणजे गुलामीतून पळून सुटलेल्या अमेरिकन लेखकाचं, १८४५ चं आत्मकथन. प्रकरणं अकराच, प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या साइटवर फुकट मिळतं. पूर्ण वाचायचा हट्ट धरला की तिसऱ्या प्रकरणात गळती लागते. सहावं आणि सातवं तेवढं मोठ्यानं वाचा, एकेका परिच्छेदाला थांबून. मालकीण त्याला अक्षरं शिकवू लागते आणि मालक तिला अडवतो, कारण शिकलेला गुलाम हातचा गेला हे त्याला पक्कं ठाऊक. पुढं डग्लस रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना पाव देतो आणि बदल्यात वाचायला शिकतो. आपल्याकडच्या पोरांना इथं वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

मराठीत डॉ. जनार्दन वाघमारे यांचं ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ आहे. जुन्या कॉलेजांच्या ग्रंथालयांत धुंडाळा. शीर्षकातला शब्द त्या काळी रूढ होता, आज बोलताना वापरू नये. जुना उतारा वाचताना मात्र तो शब्द बदलू नका.

नहरवाला_संभाजीनगर
म्युझियमचं मी उलट्या टोकाकडून सांगतो. आधी खुलताबादला जा. मलिक अंबर साधारण १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून हातोहात विकला जात दख्खनेत आला आणि निजामशाहीचा कारभार हाती घेऊन बसला. १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली, तेच आजचं संभाजीनगर. १६२६ मध्ये वारला, कबर खुलताबादला. भडकल दरवाजा (१६१२), नहर-ए-अंबरीच्या (अंबरनं शहरासाठी बांधलेल्या पाण्याच्या नहरीच्या) खुणा आणि कबर, एका दिवसात आरामात होतं. पाणचक्कीही पुष्कळजण त्याच्याच नावावर खपवतात. ती नंतरची, तिची नहर वेगळी.

परत आल्यावर एक चित्र पडद्यावर लावा. जहांगीरचा दरबारी चित्रकार अबुल हसननं रंगवलेलं, मूळ डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतोय. प्रत्यक्षात अंबर मोगलांच्या हाती कधी लागलाच नाही, म्हातारा होऊन मेला. चित्र नक्की कशाचा पुरावा असतं, यावर तासभर बोलता येतं.

वॉशिंग्टनचं आफ्रिकन अमेरिकन संग्रहालय २०१६ मध्ये उघडलं. तिथं इतिहासाची दालनं जमिनीखाली आहेत. तळाशी पंधराव्या शतकापासून सुरुवात करायची आणि वर चढत यायचं. त्यांची ‘सर्चेबल म्युझियम’ ही साइट घरबसल्या बघता येते, पण पानं जड आहेत. ऐनवेळी नेटवर विसंबलात तर नुसतं चक्र फिरत राहतं. आदल्या रात्री आठ-दहा स्क्रीनशॉट काढून ठेवा. साउथ कॅरोलायनातल्या एडिस्टो बेटावरची गुलामांची लाकडी झोपडी त्यात हवीच.

पडदा_नांदेड
सिनेमे दोनच घ्या. ‘१३थ’ (२०१६), शंभर मिनिटांचा माहितीपट. त्याआधी अमेरिकेच्या घटनेतली १८६५ ची तेरावी दुरुस्ती फळ्यावर लिहा. गुलामगिरी बंद, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून चालेल. अख्खा माहितीपट त्या ‘पण’वर उभा आहे. ते न वाचता बसलं तर तुरुंगांचे आकडे अंगावर येतात आणि धागा सुटतो.

दुसरा ‘सेल्मा’ (२०१४), कृष्णवर्णीयांच्या मताच्या हक्कासाठी निघालेल्या १९६५ च्या मोर्चांवरचा. त्यात एक मेख आहे. त्या मोर्चांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या मूळ भाषणांचे हक्क मिळाले नव्हते, म्हणून पडद्यावरची भाषणं नव्यानं लिहिलेली आहेत. त्यातलं वाक्य किंग यांच्या नावानं भिंतीवर लावू नका. खरा आवाज ऐकवायचा तर ध्वनिमुद्रणं वेगळी मिळतात. इंग्रजी सबटायटल चालू ठेवा, अमेरिकेच्या दक्षिणेतले उच्चार आपल्या कानाला पटकन लागत नाहीत.

आणि ओटीटीचं खातं घरापुरतं असतं. वाचनालयात दाखवायचं तर आधी परवानगी बघा, तिकीट तर लावूच नका.

परभणीचा_कट्टा
सगळ्यांचे आभार. पण ‘म्हणजे जात आणि वंश एकच का?’ हे पहिल्याच रविवारी कुणीतरी विचारणार.

ग्रंथकीडा_लातूर
विचारणारच. फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि चौथ्या रविवारी काढा. त्या दिवशी बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना लिहिलेलं पत्र वाचा, अगदी छोटं आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागितल्या होत्या. मग ब्लॅक पँथर ही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची संघटना (१९६६, ओकलंड) आणि दलित पँथर (१९७२, मुंबई) यांचे जाहीरनामे शेजारी-शेजारी ठेवा. तिकडं पोलिसांवर पाळत आणि पोरांना सकाळची न्याहारी, इकडं कवी-लेखकांनी उभी केलेली संघटना. तीन रकाने आखा : वंश, जात आणि ‘जुळत नाही’. तिसरा आधी भरून घ्या, नाहीतर तो शेवटपर्यंत कोराच राहतो.