सोया-वसाबी ग्लेझ आटवलं की वसाबी जाते कुठे?

रविवारचा_आचारी

नमस्कार मंडळी. सॅमन आणि टोफू दोन्हींवर चालेल असं सोया-वसाबी ग्लेझ (वरून लावायचा चकचकीत, घट्टसर रस) बसवायचा प्रयत्न चाललाय. सध्याची कृती अशी: अर्धा कप सोया सॉस, दोन मोठे चमचे मध, बारीक चिरलेला लसूण, किसलेलं आलं आणि ट्यूबमधली वसाबी (नाकात चढणारी हिरवी जपानी पेस्ट) दोन छोटे चमचे. सगळं एकाच पातेल्यात निम्मं होईपर्यंत उकळतो आणि तव्यावरच्या माशावर ओततो.

चकाकी झकास येते. पण खारट इतकं की दुसऱ्या घासाआधी पाणी शोधावं लागतं. कडेला जिथे तव्याला लागतं तिथे कडू. आणि वसाबीचा पत्ताच नाही! प्रमाण दुप्पट केलं तर रंग शेवाळी झाला, नाकात मात्र काही जाईना. तीच ट्यूब बोटावर घेऊन चाटली तर डोळ्यांत पाणी येतं, म्हणजे माल खराब नाही.

वसाबी नेमकी कधी घालायची? खारटपणा कसा आवरायचा? पावडर घेऊ की ट्यूब? आणि मिरिनमध्ये (स्वयंपाकात वापरायची तांदळाची गोड जपानी वाइन) मद्यार्क असतो म्हणून ते घरात आणत नाही, त्याच्याशिवाय जमेल का?

अर्धाचमचा

गॅस बंद करा, मग वसाबी घाला. संपला विषय. मिरिनऐवजी साखर-पाणी आणि किंचित राइस व्हिनेगर चालून जातं.

उगाच_डोकावलो

+१. पण गॅस बंद करून घातली तरी माझ्याकडे ताटं वाढेपर्यंत झणका गेलेला असतो. मंद_आच ताई, आहात का?

मंद_आच

आहे आहे. पार्टीच्या ऑर्डरी करते, त्यामुळे असली ग्लेझं नेहमीचीच. थोडं लांबण लागेल, चालवून घ्या.

मूळ गोची अशी की सोया सॉसला आच हवी असते आणि वसाबीला ती सोसत नाही. दोघांना एका पातेल्यात शिजवायचं म्हटलं की एकाचा बळी जाणारच.

वसाबीतल्या झणक्याचं नाव अलाइल आयसोथायोसायनेट. गंमत म्हणजे अख्ख्या कंदात तो नसतोच. कंद किसला की पेशी फुटतात, आत वेगवेगळं बसलेलं सिनिग्रिन नावाचं द्रव्य आणि मायरोसिनेज नावाचं एन्झाइम एकत्र येतात आणि तेव्हा कुठे झणका तयार होतो. मोहरी फेसल्यावर नाकात जातं ते हेच. पण हा पदार्थ भलताच उडणारा. म्हणून तर तो जिभेवर रेंगाळत नाही, सरळ नाकात चढतो. मिरचीतलं कॅप्सेसिन असं उडून जात नाही, त्यामुळे मिरची कितीही उकळा, तिखटपणा राहतो. तुम्ही वसाबी आटवता तेव्हा झणका वाफेबरोबर जातो आणि पातेल्यात उरतो हिरवा रंग नि पेस्टमधला स्टार्च. प्रमाण दुप्पट केल्यावर शेवाळी रंग आला तो त्यामुळेच.

आता डोकावलोंचं दुखणं. गॅस बंद केला म्हणून ग्लेझ लगेच थंड होत नाही. साखर असलेला घट्ट रस बराच वेळ चटका देण्याइतका गरम राहतो. करंगळीचं टोक बुडवून दोन सेकंद ठेवता आलं की मगच वसाबी घालायची आणि लगेच वाढायचं. तरीही तो ताजा ठसका पुरता मिळत नाहीच. म्हणून मी ग्लेझमध्ये वसाबी घालतच नाही. सोयाचं ग्लेझ खाली, वसाबी वरून, वेगळ्या थरात. तो थर लोण्याचा किंवा मेयोनेझचा. झणक्याचं हे तेल स्निग्धात विरघळतं आणि तिथे धरून राहतं. नाकातला पहिला दणका थोडा सौम्य होतो, पण टिकतो जास्त वेळ.

पन्नास ग्रॅम मऊ बिनमिठाचं लोणी, दोन छोटे चमचे वसाबी पेस्ट, लिंबाचे चार थेंब. फेटून, बटर पेपरमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये. मासा ताटात आल्यावर एक पातळ चकती वर ठेवायची. कडा वितळून काळसर ग्लेझवर फिक्या हिरव्या रेघा उतरतात आणि मधला भाग अजून गारच असतो. खाणाऱ्याच्या तोंडात घास जाईपर्यंत झणका शाबूत. टोफूवर मेयोनेझ बरं: चार मोठे चमचे मेयोनेझला दीड छोटा चमचा वसाबी आणि एक छोटा चमचा सोया सॉस.

खारटपणाचं तर गणितच मांडू या. जपानी पद्धतीच्या नेहमीच्या गडद सोया सॉसमध्ये, ज्याला कोइकुची म्हणतात, साधारण 16 टक्के मीठ असतं. तुमच्या अर्ध्या कपात म्हणजे 120 मिलीत झालं जवळपास 19 ग्रॅम. पाणी उडतं, मीठ कुठेही जात नाही. चौघांत वाटलं तर माणशी पावणेपाच ग्रॅम, आणि मोठ्या माणसाने अख्ख्या दिवसात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते! पाण्याचा ग्लास शोधाल नाहीतर काय.

चौघांना तीन मोठे चमचे सोया सॉस पुष्कळ झाला. तेरियाकी या गोड-खारट जपानी ग्लेझमध्ये सोयाइतकंच मिरिन, बहुतेकदा तेवढीच साके (तांदळाची जपानी दारू) आणि थोडी साखर असते. मिरिन-साके नको तर सहा मोठे चमचे पाणी, दोन मोठे चमचे साखर आणि शेवटी एक छोटा चमचा राइस व्हिनेगर. मिरिनच्या गोडीत एक खोली असते ती यात येत नाही, पण चकाकी उत्तम येते. पाण्याऐवजी शिताके मशरूम भिजवलेलं पाणी वापरलंत तर ती खोलीही बरीचशी भरून निघते. आलं-लसूण चिरून टाकू नका. लसणाच्या दोन पाकळ्या ठेचून आणि आल्याच्या चकत्या करून रसात उकळा, मग गाळून घ्या. तव्यावर कडू लागतं त्यातला निम्मा दोष त्या चिरलेल्या लसणाचा असतो.

उरलेला निम्मा मधाचा. त्यातलं फ्रुक्टोज साध्या साखरेपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला काळवंडतं. त्यात तुम्ही आधीच आटवलेला रस तापलेल्या तव्यावर ओतता, मग करपणारच. मासा आधी जवळजवळ पूर्ण होऊ द्यावा आणि शेवटच्या दोन-तीन मिनिटांत, आच कमी करून, ब्रशने पातळ हात द्यावेत. एक हात सुकून चिकट झाला की पुढचा.

किती आटवायचं? चमच्याची पाठ झाकली गेली आणि बोटाने ओढलेली रेघ क्षणभर तशीच राहिली की बस. पातेल्यात हवं तितकं घट्ट दिसेपर्यंत थांबलात तर ताटात डिंक होतो, कारण गार होताना ते आणखी आळतं. आणि आटवण्यानेच घट्ट करायचं असं कुठे आहे? एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर एक मोठा चमचा गार पाण्यात कालवून घाला, एक उकळी येऊ द्या. मीठ तेवढंच राहतं आणि ग्लेझ घट्ट होतं. याला कमअस्सल समजणारे लोक आहेत, समजू देत.

रविवारचा_आचारी

ताई, डोळे उघडले! 19 ग्रॅम वाचून बाटली लपवून ठेवावीशी वाटली. पावडर की ट्यूब राहिलं. आणि माझ्याकडे सोया सॉसच्या दोन बाटल्या आहेत, एकीवर 'डार्क' लिहिलंय. चालेल का?

मंद_आच

पावडर आणि ट्यूब दोन्हींत बहुतेक वेळा हॉर्सरॅडिश (मोहरीच्याच कुळातलं झणझणीत मूळ), मोहरी, स्टार्च आणि हिरवा रंग असतो. खरी वसाबी थोडीफार किंवा अजिबात नाही. पण झणक्याचं रसायन तेच, त्यामुळे नाक मुरडायचं कारण नाही. ट्यूब सोयीची, मात्र उघडल्यावर हळूहळू मवाळ होत जाते. लोण्यासाठी मी पावडरच घेते, कारण झणका त्याच दिवशी तयार होतो.

पावडर कालवायची गार किंवा कोमट पाण्यात, साधारण जितक्यास तितकं. उकळतं पाणी घातलंत तर एन्झाइमच मरतं आणि मग बसा वाट बघत. गोळा घट्ट हवा, वाटी उपडी केली तरी न पडणारा. ती वाटी तशीच ओट्यावर उपडी ठेवायची, पाच ते दहा मिनिटं. व्हिनेगर, लिंबू, सोया सॉस जे काही घालायचं ते त्यानंतर. आंबट आधी पडलं तर एन्झाइमचं काम अडतं आणि झणका अर्धवटच तयार होतो. तो तयार झाल्यावर मात्र तेच आंबट त्याला टिकवायला मदत करतं. माझ्या अनुभवात निम्म्या लोकांची पावडर इथेच फसते आणि खापर फुटतं डब्यावर.

डार्क म्हणजे बहुधा चिनी पद्धतीचा. तो मुख्यतः रंगासाठी, त्यात बरेचदा कॅरॅमल किंवा मळी असते. नुसता तोच आटवलात तर काळाकुट्ट नि कडवट होईल. मुख्य सॉस दुसऱ्या बाटलीतला घ्या आणि रंगाला हवा तर हा अर्धा छोटा चमचा. बाटलीमागची यादी मात्र वाचा. सोयाबीन, गहू, मीठ, पाणी एवढंच असेल तर आंबवून केलेला. 'हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन' दिसलं तर तो आम्लाने प्रथिनं फोडून झटपट केलेला. नुसता शिंपडायला ठीक, आटवल्यावर एक उग्र वास पुढे येतो. तसंच 'लाइट' म्हणजे कमी खारट समजू नका. जपानी उसुकुची रंगाने फिका असतो पण कोइकुचीपेक्षा खारट.

अर्धाचमचा

घरात कुणाला गहू चालत नसेल तर तामारी बघा. त्यात गहू नसतो किंवा नावालाच असतो, पण 'ग्लूटेन फ्री' लिहिलेलं असल्याशिवाय घेऊ नका. दाट असतो, आटवायलाही कमी लागतो.

उगाच_डोकावलो

अवांतर: वसाबीच्या वासाने झोपलेल्या माणसाला उठवता येतं! ऐकू न येणाऱ्यांसाठी वसाबीचा फवारा मारणारा आगीचा अलार्म जपानी संशोधकांनी केला आणि त्यासाठी वसाबी हवेत किती दाट हवी हे शोधून काढलं. 2011 चं रसायनशास्त्राचं इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीशीर पारितोषिक) त्यांना मिळालं. आता ताईंचं ते 'उडणारा पदार्थ' पटलं.

बाय द वे, खरा वसाबीचा कंद मिळाला तर यात वापरावा का?

मंद_आच

ग्लेझसाठी? मुळीच नाही. थंड, स्वच्छ, वाहत्या पाण्यात वाढणारं झाड ते, कंद काढण्याजोगा व्हायला दीड-दोन वर्षं सहज लागतात. शिझुओकातल्या पारंपरिक वसाबी शेतीला 2018 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने जागतिक कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. असा कंद गरम सोयात ढवळायचा म्हणजे कहर आहे. तो शार्कच्या कातडीच्या किसणीवर गोल गोल, हलक्या हाताने, ऐन वेळी किसायचा. पंधरा-वीस मिनिटांत त्याचा जोर उतरायला लागतो. थेट माशाच्या तुकड्यावर ठेवावा आणि तुकड्याची दुसरी बाजू सोयात टेकवावी. त्याला एक गोडसर, हिरवा वास असतो जो ट्यूबमध्ये कधीच मिळणार नाही, आणि सोयात कालवला की आधी तोच जातो.

ट्यूबवाली मात्र खुशाल कालवा सोयात. त्यात बिघडण्यासारखं काही नाही.

रविवारचा_आचारी

शेवटचं. टोफूला ग्लेझ धरतच नाही, घसरून तव्यात जातं. आणि हे आधी करून ठेवलं तर टिकतं का?

मंद_आच

टोफू ओला असतो म्हणून. फडक्यात गुंडाळून वर जड पातेलं ठेवा, अर्ध्या तासाने तुकडे करून कोरडे टिपा, कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवून थोड्या तेलात सगळ्या बाजूंनी खरपूस करा. मग तवा पुसून घ्या, ग्लेझ घाला, बुडबुडे मोठे झाले की टोफू टाकून अर्धा मिनिट परता आणि लगेच काढा. कुरकुरीत कवच ग्लेझ बरोबर धरून ठेवतं. जास्त वेळ ठेवलात तर तेच कवच मऊ पडेल.

नुसतं सोयाचं ग्लेझ, वसाबीशिवाय, बंद बरणीत फ्रिजमध्ये आठवडाभर छान राहतं. कॉर्नफ्लोअरवालं कधी कधी पाणी सोडतं, गरम करून ढवळलं की बहुधा जमून येतं. फक्त माशाला लावायचं ग्लेझ वेगळ्या वाटीत काढून घ्या. कच्च्या माशाला लागलेला ब्रश बरणीत बुडवायचा नाही, आणि त्या वाटीतलं उरलं तर टाकून द्यायचं.